बंधित निधीतला बाक

यशया भिंगारदिवे सरांना एक बाक हवा होता. सागवानी नको, नक्षीचा नको. गावोगाव पारावर असतो तसला सिमेंटचा, दोन माणसं ऐसपैस आणि तीन माणसं भांडत बसतील एवढा. तोही स्वतःच्या अंगणात नको होता. बेलथडी फाट्यावर जिथे एसटी थांबते, तिथल्या लिंबाखाली हवा होता. आता एवढ्याशा गोष्टीला अख्खं संघराज्य आडवं येईल असं कुणाला वाटेल? सरांना तर मुळीच वाटलं नव्हतं, कारण संघराज्य हा त्यांचा हातखंडा विषय होता.

सरांनी सगळी हयात नागरिकशास्त्र शिकवण्यात घालवली. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेला, कमी मार्कांचा आणि हमखास ऑप्शनला टाकायचा विषय. पण सर तो असा शिकवत, जणू उद्या सकाळी वर्गातल्या निम्म्या पोरांना राज्यपाल म्हणून रुजू व्हायचं आहे. केंद्र आणि राज्य यांच्यात कराचा पैसा कसा वाटला जातो, हा धडा आला की त्यांना विशेष स्फुरण चढे. फळ्यावर ते एक उतरंड काढत. सगळ्यात वर भला मोठा हंडा, तो दिल्लीचा. त्याखाली घागर, ती मुंबईची. आणि तळाशी एक तांब्या, तो आपल्या ग्रामपंचायतीचा. पोरं हमखास ओरडत, "सर, मोठं भांडं खाली पायजे, नायतर पडंल की!" त्यावर सर खडू उंचावून म्हणत, "पडत नाही. संविधानाने तोलून धरलंय." एवढ्या उत्तरावर त्यांची नोकरी निर्वेध पार पडली. वरून पाणी येतं, मध्ये थांबतं, खाली पोचतं, यावर त्यांचा बायबलच्या खालोखाल विश्वास होता.

बाकाची गोष्ट मात्र शाळेत नाही, फाट्यावर सुरू होते. पूर्वी तिथे ओढ्यावर दगडी मोरी होती आणि तिला रुंद कठडा होता. सरांची बायको मरिया देवळालीच्या दवाखान्यात नर्स. गाव तिला सिस्टर म्हणायचं. तिची बस संध्याकाळी साडेपाचला फाट्यावर यायची. सर शाळेतून सायकलवर आले की घरी न जाता थेट कठड्यावर येऊन बसत. समोर चांगुणाबाईची चहाची टपरी. बस यायची, सिस्टर उतरायच्या, पिशवी सरांच्या हातात देऊन विचारायच्या, "किती वेळ झाला?" सर म्हणायचे, "आत्ताच आलो." ही शुद्ध थाप असे. शेजारी चहाचा रिकामा ग्लास असे आणि त्याच्या तळाशी चहा वाळून गेलेला असे. सिस्टर ग्लासाकडे बघून हसायच्या, आणि मग दोघं उसाच्या बांधाबांधाने चालत घरी जायचे. दिवसभराचं सगळं बोलणं त्या वाटेवर व्हायचं. घरी पोचल्यावर स्वयंपाक, देवाची प्रार्थना, लाइट गेली का आली, असलेच विषय. सरांच्या हिशेबी लग्न म्हणजे फाटा ते घर एवढा रस्ता होता.

मग सिस्टर गेल्या. त्यानंतर हायवेचं रुंदीकरण आलं आणि मोरीही गेली. मरिया नाही याची सवय सरांना झाली नाहीच, पण संध्याकाळी फाट्यावर जायची सवय काही मोडेना. साडेपाचची बस येईपर्यंत ते लिंबाला टेकून उभे राहत. बस यायची, माणसं उतरायची, बस जायची. मग ते घरी येत. गुडघे आता ऐकत नव्हते. उभं राहणं होईना आणि न जाणं जमेना, म्हणून बाक हवा होता. पण हे कुणाला सांगणार? साठी उलटलेल्या, चर्चच्या पंच कमिटीवर बसलेल्या, सबंध गावाने ज्याच्या छड्या खाल्ल्या अशा माणसाने "मला माझ्या बायकोची वाट बघायला बसायचंय" असं कुठल्या तोंडाने म्हणावं?

पहिला उपाय म्हणून सरांनी घरातली प्लास्टिकची खुर्ची नेली. ती डोक्यावर घेऊन ते गावातून निघाले, तिथेच त्यांच्या इभ्रतीला पहिला तडा गेला. शेजारचे काकासाहेब ओट्यावरूनच ओरडले, "सर, कुनाकडं कार्य हाय का? आमाला न्हाई सांगितलं ते?" फाट्यावर चांगुणाबाईने कपाळाला हात लावला.

"आवो सर, ह्ये काय? खुर्ची घिऊन रस्त्यावं बसताय व्हय? लोकं म्हनतील, पोरीनं घराबाहीर काडलं."

सरांची एकुलती एक पोरगी पुण्यात होती आणि ती दर रविवारी फोन करून "पप्पा, इकडे या" म्हणत असे, तेव्हा हा आरोप टिकणारा नव्हता. पण सरांनी खुर्ची रात्री झाडाखालीच ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी ते पोचण्याआधीच तिच्यावर राहुरीच्या बाजाराला निघालेल्या एक म्हातारबाई बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी खुर्चीत कोंबड्यांचं खुराडं होतं. चौथ्या दिवशी खुर्चीच नव्हती. सरांनी तक्रार केली नाही. सार्वजनिक हितासाठी खासगी मालमत्ता गेली, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

काकासाहेब साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. कारखान्याच्या चिमणीतून धूर निघतो त्या सहजतेने त्यांच्यातून सल्ले निघत. "सर, तुमी भोळं हाय. आमदार फंडातनं घ्या. बाकड्याला काय लागतंय?" त्यांनीच कुणा कार्यकर्त्याला फोन लावला. कार्यकर्ता तयार झाला. अट एवढीच, की बाकाच्या पाठीवर दोन्हीकडून नाव येईल आणि बाक त्याच्या खतांच्या दुकानापुढे बसेल. "पन दुकान तर फाट्यापसनं लांब हाय," काकासाहेब म्हणाले. "तर सरांनी तिकडं बसावं," कार्यकर्ता म्हणाला. मग काकासाहेबांनी खासदार फंडाचं नाव काढलं. तिथून कळलं, की दिल्लीची नजर एवढी खाली येत नाही; एखादा पूल वगैरे असेल तर सांगा.

तेव्हा सरांनी रीतसर ग्रामपंचायतीकडे अर्ज करायचं ठरवलं. तांब्यात पाणी आलेलंच असणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. अर्जात त्यांनी "वृद्ध, गरोदर माता व विद्यार्थी यांच्या सोयीसाठी" असं लिहिलं. त्यातल्या एकाही गटाने बाक मागितलेला नव्हता, हे त्यांना टोचलं, पण त्यांनी सही ठोकली.

ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब, म्हणजे पूर्वी ज्यांना ग्रामसेवक म्हणत ते, नावाने श्रीमंत होते. त्यांनी अर्ज वाचला, कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि म्हणाले, "सर, निधी आहे."

सरांना खुर्चीतून उठून त्यांना मिठी मारावीशी वाटली.

"पण बंधित आहे."

"बंधित म्हणजे?"

"म्हणजे वित्त आयोगाचा पैसा आपल्यापर्यंत येतो, पण कशाला खर्चायचा ते ठरवूनच येतो. पाणी आणि स्वच्छता. गावाला प्यायचंय? आहे. हात धुवायचेत? आहे. संडास बांधायचाय? उद्या या. पण बसायचं असेल तर खर्चाचं हेड नाही."

"आणि बंधन नसलेला?"

"अबंधितचा आराखडा मंजूर झालाय. मराठी शाळेपुढं पेव्हर ब्लॉक आणि तुमच्या चर्चच्या गल्लीत दिवे. तुमच्याच दारात उजेड पडणार आहे, सर." भाऊसाहेबांनी हे इतक्या प्रेमाने सांगितलं, की सरांना तक्रार करता येईना. "पुढच्या वर्षी नवा आयोग. सोळावा. तो काय म्हणतो बघू."

सर सुन्न झाले. आयोगांची नावं त्यांनी आत्याबाईंसारखी घरच्या मायेने घेतली होती. हंडा, घागर, तांब्या सगळं त्यांनी काढलं होतं. पण वरून आलेल्या पाण्याला झाकण असतं आणि झाकणाची किल्ली वरच राहते, हे त्यांनी पोरांना कधी सांगितलं नव्हतं. चांगुणाबाईच्या टपरीवरून त्यांनी बिस्किटांचा पुडा घेतला, तेव्हा त्यांच्या मनात आलं, की या पुड्यावरचा निम्मा कर दिल्लीला निघाला आणि निम्मा मुंबईला. इथून गेलेला पैसा दोन राजधान्या फिरून परत या लिंबाखाली येतो, तेव्हा त्याला बसायची परवानगी नसते. त्यांनी हे चांगुणाबाईला समजावून सांगितलं.

"मंग पुडा द्यू का नगं?" चांगुणाबाईने विचारलं.

निधी नसला तर नसो. आपल्या पेन्शनीतून बाक घेऊन ठेवावा, असं सरांनी मनाशी ठरवलं. सुटलोच, असं त्यांना वाटलं. भाऊसाहेब म्हणाले, "ठेवा की. फक्त जागा कुणाची ते बघा, नाहीतर अतिक्रमण होईल."

म्हणून सर नगरला गेले. हायवेच्या ऑफिसातल्या साहेबांनी नकाशा उलगडला आणि बोट ठेवलं. "गटारापर्यंत आमचं. तुमचं झाड गटाराच्या पलीकडे. ते राज्याचं." राज्याच्या ऑफिसातल्या साहेबांनीही नकाशा उलगडला. तो जरा जास्त विटलेला होता. "फाट्याचा रस्ता आमचा. पण तो गावाच्या नावाच्या पाटीपासून सुरू होतो. झाड पाटीच्या अलीकडे." म्हणजे गटार आणि पाटी यांच्यामधली, एका लिंबाएवढी जमीन स्वातंत्र्यापासून कुणाचीच नव्हती. विशेष म्हणजे याच जमिनीवरून चांगुणाबाईची टपरी मागे हटवायची वेळ आली, तेव्हा दोन्हीकडचे लोक एकाच जीपमधून आले होते.

सरांच्यातला मास्तर जागा झाला. "शेषाधिकार केंद्राकडे असतात," ते म्हणाले. "जे कुणाच्याच यादीत नाही, ते केंद्राचं. त्या न्यायाने झाड दिल्लीचं झालं."

साहेबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "बाकाचं प्रयोजन काय?"

"प्रवाशांची सोय."

"तुम्ही रोज प्रवास करता?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला सरांकडे उत्तर होतं. ते घशापर्यंत आलं, तिथे जरा थांबलं आणि खाली गेलं. ते साहेबांना नमस्कार करून उठले. परतीच्या एसटीत मात्र ते खिडकीशी बसून मनातल्या मनात मरियाला सगळं सांगत आले; नकाशा, गटार, पाटी, सगळं. मरिया असती तर कुठे हसली असती, ते त्यांना बरोबर ठाऊक होतं, आणि त्या प्रत्येक ठिकाणी ते तिच्यासाठी थांबले. बस साडेपाचचीच होती. त्या दिवशी फाट्यावर उतरणारे ते स्वतः होते आणि वाट बघायला कुणी नव्हतं. चांगुणाबाई ग्लास विसळत होती. सर झाडापाशी क्षणभर थबकले आणि मग एकटेच बांधाने चालू लागले.

गावाच्या सरपंच पंकजा. ती सरांची विद्यार्थिनी. नवऱ्याच्या नावाने सही करणारी सरपंच नव्हे. भाऊसाहेबांना आकडे विचारून घाम फोडणारी. तिने बाकाचा विषय ग्रामसभेत घेतला आणि तिथेच घोटाळा झाला. फाट्यावर एक बाक, म्हटल्याबरोबर वरच्या आळीला वाटलं, आपल्यालाही हवा. खालच्या आळीला वाटलं, वरच्या आळीला मिळणार तर आपल्याला दोन हवेत. वस्तीवरचे म्हणाले, बाक नको, पण बाकाचे पैसे आमच्या रस्त्याला द्या. भाऊसाहेब कळवळून सांगत होते की पैसे नाहीतच, पण नसलेल्या पैशाची वाटणी रंगात आली होती. वस्तीला मागास म्हणून जास्त वाटा द्यावा, का खालच्या आळीला लोकसंख्या जास्त म्हणून जास्त द्यावा, यावर दोन्हीकडचे तावातावाने बोलू लागले. आयोगाचा नेमका हाच वाद सर पोरांना शिकवून थकले होते, आणि एकालाही कळला नव्हता. आज गावाला तो तोंडपाठ होता. काकासाहेबांनी बाकाला छप्पर हवं आणि छपराला पंखा हवा, अशी सूचना मांडली. एवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं,

"पन सरांचं रोज सांच्याला फाट्यावं काम काय आसतंय? कुनाची वाट बघत्यात?"

लोक हसले. त्यात दुष्टावा नव्हता. गाव असंच हसतं. सर उभे राहिले. त्यांचा चेहरा तांबडा झाला होता. "बस बघतो," ते म्हणाले. त्यावर हशा आणखी वाढला. कोपऱ्यात बसलेली चांगुणाबाई एकदम कडाडली, "गप बसा की रं! काय दात काडताय?" आणि सभा खरंच गप्प झाली, कारण तिच्याकडे सगळ्यांची उधारी होती. पण ती शांतता सरांना हशापेक्षा जड गेली. विषय नामंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर लिंबाला टेकून उभे असताना पंकजा स्कूटर थांबवून उतरली.

"सर, सिस्टर माझ्या बाळंतपणात रात्रभर उशाशी बसल्या होत्या," ती म्हणाली. "सकाळी त्यांना म्हटलं, घरी जा आता. तर म्हणाल्या, संध्याकाळच्या बसने जाईन. ह्यांना त्या बसची सवय आहे."

सरांनी गटाराकडे बघत मान हलवली. ती वाट आता एकट्याने चालवत नाही, असं त्यांना तिला सांगायचं होतं. दिवसभरात काही घडलं की ते सांगायला माणूस नाही, आणि सांगितलं नाही की ते घडल्यासारखं वाटत नाही, हेही सांगायचं होतं. पण ती त्यांच्या वर्गातली पोर होती, म्हणून ते एवढंच म्हणाले, "गुडघे फार दुखतात गं."

"बाकाला हेड नाही," पंकजा म्हणाली. "ओट्याला आहे. हंडे ठेवायचा ओटा. पाणीपुरवठ्यात बसतो. उंची तेवढीच, रुंदी तेवढीच. जागा कुणाचीच नाही ना, मग ठराव करून ग्रामपंचायत घेते. पाण्याची पाइपलाइन इथूनच जाणार आहे."

"आणि मी?"

"तुम्ही हंड्याशेजारी बसा."

"पंकजा, ही फसवणूक आहे."

"सर, तुमच्या उतरंडीत मोठा हंडा वर होता. मी तेव्हा पडेल म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, तोलून धरलंय. आता मी तोलते, तुम्ही बसा."

सरांनी आयुष्यात रोजची एक थाप सोडली तर खोटं असं काही केलं नव्हतं. त्यांनी दोन दिवस विचार केला, रविवारी देवापुढे विषय मांडला, आणि देवाने काही हरकत घेतली नाही असं धरून होकार दिला.

काम निघालं. सर दररोज काठी टेकत देखरेखीला हजर, त्यामुळे सरांची ठेकेदारीत भागी आहे अशी बातमी काकासाहेबांनी पसरवली. गवंड्याने पहिल्या दिवशी ओट्याचं तोंड उसाकडे करून घेतलं. बायका पाणी भरताना रस्त्याकडे पाठ हवी, असं त्याचं म्हणणं. पंकजाने ते फिरवून घेतलं. तालुक्याहून आलेल्या नकाशात ओट्याला पुढे उतार होता, सांडलेलं पाणी वाहून जावं म्हणून. त्यामुळे सर चाचणीला बसले, तेव्हा हळूहळू, अत्यंत प्रतिष्ठितपणे, घसरत खाली आले. शेवटी नकाशातल्याच दोन खळग्यांनी लाज राखली. हंडा कलंडू नये म्हणून ओट्यात शेजारी शेजारी दोन गोल खळगे करायचे होते. उजव्या खळग्यात सर नेमके बसले. मागच्या भिंतीला पाठ टेकली. डावीकडच्या खळग्यावर नळ होता. उजवीकडचा नळ पुढच्या हप्त्यात येणार होता, हे सरांच्या मानेचं भाग्य. शेजारी ओट्याहून उंच फलक लागला: वित्त आयोग, बंधित निधी, सार्वजनिक पाणीवाटप ओटा.

फक्त पाणी नव्हतं. ओटा वेगळ्या पैशाचा, पाइपलाइन वेगळ्या योजनेची. त्या योजनेत निम्मा वाटा वरचा, निम्मा मधला, आणि दोघांचे वाटे अजून एकमेकांची वाट बघत होते. वाट बघणं म्हणजे काय ते सरांना माहीत होतं, त्यामुळे ते कुणालाच दोष देऊ शकले नाहीत.

मोबाईलमधून फोटो चढवायला तालुक्याचे इंजिनियर आले. फोटोत लाभार्थी हवा आणि लाभार्थ्याजवळ हंडा हवा, असा नियम होता. पाणीच नाही म्हटल्यावर एकही बाई हंडा घेऊन यायला तयार होईना. शेवटी सर घरी गेले आणि मरियाची पितळी कळशी घेऊन आले. तिच्या लग्नात आलेली, काठाला पोचा पडलेली. सरांनी ती डाव्या खळग्यात ठेवली आणि शेजारी उभे राहिले. "हसा," इंजिनियर म्हणाले. सर हसले नाहीत, पण फोटो दिल्लीला गेला. जाताना इंजिनियरांनी बजावलं, "यावर कुणी नुसतं बसलेलं दिसता कामा नये. तपासणीत सापडलं तर खर्च नामंजूर. भांडं पाहिजे."

तेव्हापासून सर रोज कळशी घेऊनच फाट्यावर जाऊ लागले. एका खळग्यात ते, दुसऱ्या खळग्यात कळशी, तोंड रस्त्याकडे. चांगुणाबाई न मागता चहा आणून ठेवी. साडेपाचची बस येई, माणसं उतरत, बस जाई. ते तसेच थोडा वेळ बसत आणि कळशीच्या काठावर हात ठेवून दिवसभराचं काही असलं तर मनात सांगून टाकत. सिस्टर गेल्यापासून सरांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. फक्त एक गोष्ट त्यांना आतून खात होती. सगळं गाव पाण्याची वाट बघत होतं, बायका उन्हातान्हात विहिरीवर जात होत्या, आणि गावात एकच माणूस असा होता, की ज्याला पाणी यायला नको होतं. तो नागरिकशास्त्राचा मास्तर होता. रोज प्रार्थनेत ते पाणी मागत, पण फार जोर लावत नसत.

आणि एके दिवशी संध्याकाळी, चहा केव्हाच संपवून सर बसची वाट बघत असताना, नळ खाकरला. आधी हवा आली, मग तांबडी गढूळ चिळकांडी, मग एकदम धार. कळशी भरून वाहू लागली. चांगुणाबाई टपरीतून ओरडली, "आलं, आलं, पानी आलं!" आणि बघता बघता फाट्यावर हंडे, कळश्या, बादल्या, कॅन यांची झुंबड उडाली. खालची आळी, वरची आळी, वस्ती, सगळ्या एकदम.

सर उठले. त्यांनी भरलेली कळशी कशीबशी उचलून खाली ठेवली आणि बाजूला झाले. कुणी त्यांना उठा म्हटलं नव्हतं. पण ओटा हंड्यांचा होता. फलकावर तसं लिहिलेलं होतं, आणि जे ज्याच्यासाठी आलं ते त्याला मिळालं पाहिजे, हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं. त्यांना आनंद झाला, आणि त्याच वेळी आपली जागा गेली हेही कळलं. उभं राहायला ते परत लिंबापाशी गेले.

एका बाईने उजव्या खळग्यात हंडा टेकवला. चांगुणाबाई पुढे आली आणि तिने तो उचलून खाली ठेवला.

"त्यो खळगा सरांचा हाय."

"आता ह्ये काय नवीन? दोन दोन भांडी ठिवली तर लवकर उरकंल की."

"नळ एकच हाय, दोन ठिवून काय करतीस? एकेकीनं भरा. बसा वो सर."

"अहो, राहू द्या. ओटा त्यांचा आहे," सर म्हणाले.

"बसा म्हनते ना. बस याची येळ झाली."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. ग्रामसभेत हसलेल्यांच्या घरच्याच होत्या त्या. रांग डावीकडे सरकली, आणि जिचा हंडा खाली ठेवला होता तिने पदराने उजवा खळगा पुसला. सर येऊन बसले. चांगुणाबाईने मरियाची कळशी त्यांच्या पायाशी आणून ठेवली, काठोकाठ भरलेली. डावीकडे हंड्यामागून हंडे भरत होते आणि सरांच्या एका बाहीवर पाणी उडत होतं.

साडेपाचची बस आली. तालुक्याची मीटिंग आटोपून पंकजा तिच्यातून उतरली. तिने नळाची धार पाहिली, रांग पाहिली, आणि पिशवी सावरत धावतच ओट्यापाशी आली. पाण्याबद्दलच तिला विचारायचं होतं. उत्तर रांगेतल्या कुणीही दिलं असतं, पण तिची नजर सरांवर पडली आणि तिने त्यांनाच विचारलं,

"किती वेळ झाला, सर?"

सरांनी मान वर केली. बस निघून चालली होती. पिशवी हातात घेऊन समोर कुणीतरी उभं होतं, आणि उन्हं उसावर उतरली होती.

"आत्ताच आलो," सर म्हणाले.

चांगुणाबाईने त्यांच्या शेजारचा रिकामा ग्लास उचलला. तळाशी चहा वाळला होता. ती तो विसळायला घेऊन गेली.